उंबऱ्याबाहेर सदतीस जोड

मास्तरांनी आयुष्यात कुणावर हात उगारला नाही. पोलीस ठाण्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाबद्दल असं म्हणता येणं, ही साधी गोष्ट नव्हे. ते टायपिस्ट होते. हात उगारायचं काम शेजारच्या खोलीत चालायचं.

त्यांची खोली मागच्या अंगाला होती. खोली कसली, लाकडी आडोसा मारून तोडलेला व्हरांड्याचा तुकडा. एक टेबल, एक टाइपरायटर, कार्बनचे कागद, आणि खुर्चीवर बायकोनं शिवून दिलेली गादी. खिडकीतून समोरच्या इमारतीची कोरी भिंत दिसायची. मास्तरांना ती भिंत आवडायची. बघण्यासारखं काहीच नसल्यामुळे काम बरं व्हायचं.

'मास्तर' हे नाव ठाण्यातलंच. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. पण हवालदारांच्या अहवालातली वाक्यं ते लाल पेन्सिलीनं दुरुस्त करून परत पाठवायचे. एकदा एक हवालदार वैतागून म्हणाला, "आला मोठा मास्तर!" ते जे चिकटलं ते चिकटलं.

त्यांचं खरं काम होतं कबुलीजबाबाचं.

लोकांना वाटतं, आरोपी सांगतो आणि कारकून लिहून घेतो. तसं नसतं. शेजारच्या खोलीत सात-आठ तास बसवलेला माणूस शेवटी दोनच शब्द बोलतो. "हो, साहेब." कोर्टाला तेवढं पुरत नाही. कोर्टाला अडीच पानं लागतात. 'हो, साहेब'पासून अडीच पानांपर्यंतची वाट मास्तर एकटे तुडवायचे.

साहेब चिठ्ठी पाठवायचे. चिठ्ठीवर चार गोष्टी. नाव, तारीख, पत्ता, काय गेलं. खाली एक ओळ: 'बाकी तुझं तू बघ. जरा जीव ओत.'

मास्तर जीव ओतायचे. गुन्हेगाराच्या मनातली चलबिचल लिहायचे. घशाला पडलेली कोरड लिहायचे. शेवटी पश्चात्ताप असायचाच, पण बेताचा. पुष्कळदा बुधवारी जबाब तयार असायचा आणि माणूस गुरुवारी सापडायचा. त्यामुळे सगळ्यांचाच वेळ वाचायचा.

आरोपी कसा दिसतो, हे मास्तरांनी कधी पाहिलं नाही. पाहिलं की हात अडतो, असं ते म्हणायचे.

आता त्यांच्या आईबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

आई गुडघ्यांवर बसून फरशी पुसायची. दिवसातून दोनदा. तिचं तत्त्वज्ञान एकच होतं. देव आहे की नाही ठाऊक नाही, फरशी मात्र आहे. घरात पाऊल टाकायचं तर बूट उंबऱ्याबाहेर. तेही जोडीनं, टाचा भिंतीला टेकवून. एक वाकडा दिसला तर जेवणाच्या ताटावरून उठवून परत पाठवायची. शेवटच्या आजारात डॉक्टर धावत आत आले. तिला श्वास लागला होता, बोलता येत नव्हतं. तिनं बोट उचललं आणि डॉक्टरांच्या पायाकडे दाखवलं. डॉक्टर बाहेर गेले, बूट काढले, परत आले. तोवर ती शांत झाली होती. चेहऱ्यावर समाधान होतं म्हणतात.

आई गेली, नियम राहिला. मास्तरांच्या बायकोनं तो चालवला. बहिणीची मुलगी शिकायला म्हणून याच घरात वाढली, तिच्याही अंगात तो मुरला. मास्तरांच्या तर रक्तातच होता. इतका, की बूट घालून कुणी दुसऱ्याच्या घरात शिरेल ही कल्पनाच त्यांना करता येत नसे.

त्यामुळे त्यांचे चोर बूट काढायचे.

'मी उंबऱ्याबाहेर बूट काढून जोडीने ठेवले व आत प्रवेश केला.' हे वाक्य त्यांनी ठरवून कधीच लिहिलं नाही. बोटंच लिहायची. दरोडेखोर असो, खिसेकापू असो, बायकोच्या प्रियकराला भोसकायला निघालेला नवरा असो. रागानं आंधळा झालेला तो माणूस दारात थांबायचा, बूट काढायचा, जोडीनं ठेवायचा, आणि मग पुन्हा आंधळा व्हायचा.

एकतीस वर्षांत कुणाच्या हे लक्षात आलं नाही. वकील वाचत नव्हते. साहेब शेवटचं पान तेवढं बघायचे, अंगठा उमटलाय की नाही. न्यायाधीश वाचायचे, पण एका वेळी एकच.

एका न्यायाधीशांनी तर त्या वाक्याचं कौतुक केलं. खटला एका घड्याळजीचा होता. सराफाच्या घरात चोरी झाली होती. चोरानं कपाट फोडलं, आडव्या आलेल्या म्हाताऱ्या नोकराला ढकललं, मागच्या खिडकीतून उडी मारून पसार झाला. नोकर दगावला. साहेबांना शुक्रवारपर्यंत माणूस हवा होता. घरात एक पावती सापडली. आठवड्यापूर्वी भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त केल्याची. झालं, माणूस मिळाला.

न्यायाधीशांनी निकालात लिहिलं, 'उंबऱ्याशी बूट काढून ठेवण्यासारखा बारकावा कोणत्याही पोलिसाच्या कल्पनेतून निघणे अशक्य आहे. तो केवळ अपराध्याच्याच तोंडून येऊ शकतो.' आणि जन्मठेप दिली.

मास्तरांनी वर्तमानपत्रातलं ते कात्रण कापून लोखंडी कपाटात ठेवलं. घड्याळजीचं पुढे काय झालं, याचा विचार त्यांनी केला नाही. लिहिणाऱ्याला आपल्या लिहिण्याबद्दल कुणी चार शब्द बरे बोललं, की बाकीचं दिसत नाही.

यथावकाश मास्तर निवृत्त झाले. खात्यानं हार घातला, भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. ते पहिल्या दिवसापासून मागे पडायचं. बायको म्हणाली, "ठाण्यातलं आहे. सावकाशच चालणार."

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी ती समिती आली.

झालं असं होतं, की दुसऱ्याच एका प्रकरणात साहेबांचा एक हवालदार जप्तीचा माल स्वतःच पेरताना कॅमेऱ्यात सापडला. बोभाटा झाला. मग सरकारनं पोलिसांच्या गैरवर्तनामुळे चुकीची शिक्षा झालेल्यांच्या जुन्या खटल्यांसाठी 'स्वतंत्र फेरतपासणी समिती' नेमली. समिती पूर्ण स्वतंत्र होती. जागा नव्हती म्हणून तिला पोलीस मुख्यालयाच्या मागच्या इमारतीत दालन दिलं. खुर्च्या पोलिसांच्या, पंखा पोलिसांचा, कपाटही पोलिसांचं. किल्ली गहाळ होऊ नये म्हणून तीही पोलिसांकडेच होती. समितीला अडचण येऊ नये म्हणून खात्यानं एक अनुभवी संपर्क अधिकारी दिला. ते म्हणजे साहेब. निवृत्त झाले होते, त्यांना यासाठी मुद्दाम परत बोलावलं. दारावर पाटी लावली. तिच्यावर 'स्वतंत्र' हा शब्द बाकीच्या शब्दांपेक्षा मोठा होता.

एका गोष्टीकडे मात्र खात्याचं दुर्लक्ष झालं. फायली वाचायला माणसं त्यांनी पुरवली नाहीत. मग समितीच्या अध्यक्षांनी, त्या माजी न्यायाधीश होत्या, सगळे त्यांना बाई म्हणत, कायद्याची परीक्षा दिलेल्या तीन मुलींना वाचायला बसवलं. त्यांतली एक मास्तरांची भाची.

तिनं महिनाभर फायली वाचल्या. न्यायाधीशांनी एकेक वाचली होती. तिनं सगळ्या एकापाठोपाठ एक वाचल्या.

एका रविवारी दुपारी ती घरी आली. बूट काढले. काढून हातात धरून उंबऱ्यात उभीच राहिली.

"अगं, ठेव की खाली," मामी म्हणाली.

"ठेवते." तिनं ठेवले. जोडीनं, टाचा भिंतीला. मग त्या जोडाकडे बघत म्हणाली, "मामा, मी तुमचं लिखाण वाचलं."

मास्तरांचा चेहरा उजळला. त्यांनी चष्मा काढून पुसला. "वाचलंस? कुठलं? ते विहिरीवालं वाचलंस का? त्यात जरा जमून आलं होतं."

"सदतीस वाचली."

"सदतीस!" मास्तर बायकोकडे वळले. "ऐकलंस? सदतीस वाचली पोरीनं. मग? कसं काय वाटलं?"

"मामा, सदतीस चोर. सगळ्यांनी बूट काढले."

"मग?"

"मग काय मग? चोरी करायला गेलेला माणूस बूट काढेल?"

"दुसऱ्याच्या घरात जायचं तर काढणारच."

"चोर, मामा!"

"चोराला काय आई नसते?" मास्तर म्हणाले.

मामी खो-खो हसली. भाची हसली नाही. मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. तेव्हा त्यांना तिचा चेहरा नीट दिसला.

"तो घड्याळजी आठवतो? सराफाच्या घरचा?"

मास्तरांना कात्रण आठवलं. त्यांनी मान हलवली.

"लहानपणी पोलिओनं पाय गेलाय त्याचा. डाव्या पायाला मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्या आहेत. बूट त्या पट्ट्यांना जोडलेला. पट्टे सोडल्याशिवाय निघत नाही. निघाला तर उभं राहता येत नाही. आणि तुमच्या कागदात त्यानं उंबऱ्यावर बूट काढले, आत गेला, कपाट फोडलं आणि खिडकीतून उडी मारली. नऊ वर्षं झाली तुरुंगात."

"कोर्टात दिसलं नाही कुणाला?"

"आरोपीचा पिंजरा छातीपर्यंत लाकडाचा असतो. आधीच आणून बसवला होता. वकील सरकारनं दिलेला. तो म्हणाला, पायाचं काढू नका, सहानुभूती मागतोय असं वाटेल. आणि अटकेच्या वेळच्या डॉक्टरी दाखल्यावर लिहिलंय, 'प्रकृती ठीक'."

"मग आता तुम्हाला कळलंय. सोडा त्याला."

"इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! तुमच्या साहेबांचं उत्तर आलंय समितीला." भाचीनं घड्या घातलेला कागद काढला आणि वाचला. "'सदर साधर्म्य पाहता, बूट काढून गुन्हे करणारी सदतीस जणांची संघटित टोळी कार्यरत असावी, असा दाट संशय आहे. पुढील तपास सुरू आहे.'"

"टोळी?"

"हो. म्हणजे एकमेकांना कधी न भेटलेल्या सदतीस माणसांवर आता आणखी एक गुन्हा. आणि पायाचं म्हणाल, तर ते म्हणतात, पट्ट्या तुरुंगात गेल्यावर लागल्या असतील."

मामी आता हसत नव्हती.

"मी बाईंना सांगून टाकलं, हे माझे मामा आहेत म्हणून. मला त्या फायलींवरून काढलंय. बरोबरच आहे." भाची दाराकडे वळली. "काय करा, ते मी सांगणार नाही. पण कागदाला कागद भिडवून काही होणार नाही. ज्यानं लिहिलं त्यानं सांगितलं, तरच तो माणूस बाहेर येईल. येते, मामी."

ती गेली. मास्तर तिला एक गोष्ट बोलले नव्हते. त्या गुरुवारी त्यांनी घड्याळजीला पाहिलं नव्हतं, पण ऐकलं होतं. व्हरांड्यातून कुणीतरी चालत गेलं होतं. टक्. मग काहीतरी घासत गेल्याचा आवाज. टक्. पुन्हा घासत. मास्तर तेव्हा पश्चात्तापाच्या परिच्छेदावर होते. त्या आवाजानं लय बिघडत होती. त्यांनी उठून दार लावून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरचं घड्याळ काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि घड्याळजीचं दुकान शोधत गेले.

दुकान उघडं होतं. दोन माणसं आत गेली तर तिसऱ्यानं बाहेर उभं राहावं, एवढं. काउंटरमागे घड्याळजीची बायको होती. डोळ्याला भिंग लावून मनगटी घड्याळाचा सेल बदलत होती.

"हे मागे पडतं," मास्तर म्हणाले.

तिनं घड्याळ उलटं केलं, मागचं झाकण उघडलं, कान लावला. "हे मला नाही जमायचं. मी पट्टे आणि सेल एवढंच करते. हे ते आले की करतील."

"कधी येणार?"

"समिती बसलीय." मुलगा दहावीला बसलाय, अशा सुरात ती म्हणाली.

तिच्या मागे खिळ्याला एक जुना बूट लोंबत होता. बुटाला लोखंडी पट्ट्या, पट्ट्यांना चामड्याचे पट्टे, चामड्याला बकलं. मास्तरांची नजर तिथं गेली ती तिथंच राहिली.

"त्यांचाच आहे. जुना. मापासाठी ठेवलाय," ती म्हणाली. "आले की नवा लागेल. पाय बारीक झाला असेल."

"काढायला... वेळ लागत असेल."

"अकरा मिनिटं. घालायला चौदा. घड्याळवाल्याचं घर आहे, मोजलेलं असणारच." ती पहिल्यांदा हसली. "लग्नानंतर मी म्हणायची, मी सोडवते, लवकर होईल. तर म्हणायचे, नको, दुसऱ्याचं घड्याळ आणि आपला पाय, घाई केली की बिघडतो."

मास्तरांनी घड्याळ पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळलं.

"तुम्ही काय करता?" तिनं विचारलं.

"टायपिंग करायचो."

"अरे वा! मग एक काम कराल? मी नऊ वर्षं अर्ज करतेय. दर वेळी परत येतो. म्हणतात, हस्ताक्षर चालत नाही, योग्य नमुन्यात टाइप करून आणा. तुम्हाला योग्य नमुना माहीत असेल ना?"

"आहे," मास्तर म्हणाले.

पत्ता सांगून, घड्याळ काखोटीला मारून ते घरी आले आणि न जेवता झोपले.

बुधवारी साहेब आले. बूट घालून सरळ आत. मामीनं त्यांच्या बुटांकडे बघितलं, मग फरशीकडे बघितलं, आणि पाणी न विचारता आत निघून गेली.

"काय मास्तर, तब्येत?" साहेब खुर्चीत पसरले. "उद्या तुला समितीसमोर यायचंय. घाबरू नकोस. आपली माणसं आहेत. म्हणजे स्वतंत्र आहेत, पण आपली आहेत. तुझा जबाब मी करून आणलाय. सही तेवढी कर."

दोन पानं होती. स्वच्छ छापलेली. मास्तरांनी वाचायला घेतली. 'मी खाली सही करणार, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, शुद्धीवर राहून सांगतो की...' घशाला पडलेली कोरड होती. मनातली चलबिचल होती. आरोपी बोलत गेले व मी शब्दशः टाइप करत गेलो, असं होतं. सदर आरोपीस मी समक्ष पाहिले असून तो दोन्ही पायांनी धडधाकट होता, असंही होतं. शेवटी पश्चात्ताप होता. कशाचा ते कळत नव्हतं.

दुसऱ्या परिच्छेदावर मास्तर थांबले.

"साहेब, हे काय? 'मी समितीच्या दालनाबाहेर बूट काढून जोडीने ठेवले व आत प्रवेश केला.'"

"काय झालं त्याला?"

"हे कुणी लिहिलं?"

"कुणी काय लिहिलं? नमुन्यात आहे ते! अरे, तुझाच नमुना आहे, मास्तर. तू गेलास तेव्हा काँप्युटरवर चढवून ठेवला. आता नवा मुलगा नाव, पत्ता आणि वस्तू बदलतो, बटण दाबतो. चार मिनिटांत जबाब. तुला तर अख्खी दुपार लागायची!"

"म्हणजे मी गेल्यावरसुद्धा..."

"तू अमर झालास, लेका."

"किती जबाब झाले असे? माझ्यानंतर?"

"मोजतंय कोण?" साहेबांनी पेन पुढे केलं. "हं. कर."

मास्तर त्या पानाकडे बघत होते. त्यांना सगळ्यात आधी काय वाटलं, तर वाईट चाल लावलीय असं वाटलं. चलबिचलीच्या आधीच कोरड टाकली होती. ओळीला ओळ लागत नव्हती. आणि मग त्यांना उमगलं, की आपल्याला हे सगळ्यात आधी वाटलं. त्याची त्यांना इतकी लाज वाटली, की कान गरम झाले.

"उद्या तिथंच करतो सही," ते म्हणाले.

"तुझी निवृत्ती सुखाची चाललीय मास्तर. चालू दे." साहेब उठले. फरशीवर त्यांच्या टाचांचे ठसे राहिले. मामीनं ते पुसायला घेतले. गुडघ्यांवर बसून.

"अहो," ती फरशीशी बोलावं तशी म्हणाली, "सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या?"

"बूट काढा म्हणाली असती."

"ते झालंच. पण तो माणूस नऊ वर्षं आत आहे हे कळल्यावर, तुम्हाला काय म्हणाल्या असत्या?"

आई काय म्हणाली असती, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. ताटावरून उठवलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला समितीचं दालन भरलं. लांब टेबल, टेबलामागे बाई, बाजूला दोन सदस्य, कोपऱ्यात पायावर पाय टाकून साहेब. शिपायानं पुकारा केला. मास्तर दाराशी आले आणि थांबले. काल रात्री त्यांनी ठरवलं होतं, काही झालं तरी बूट घालूनच आत जायचं. शिपाई म्हणाला, "चला काका, आत." मास्तरांनी पाय उचलला. तो पुढे जाईना. बासष्ट वर्षांची सवय. शेवटी ते वाकले, नाडी सोडली, बूट काढले, जोडीनं ठेवले. टाचा भिंतीला.

"तुमचा जबाब आमच्याकडे कालच आलाय," बाई म्हणाल्या. "सही व्हायचीय. मी वाचते. बरोबर असेल तर हो म्हणा."

त्या वाचू लागल्या. दुसऱ्या परिच्छेदावर आवाज मंद झाला. "'मी समितीच्या दालनाबाहेर बूट काढून जोडीने ठेवले व...'" त्या थांबल्या. चष्म्यावरून त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पायावरचा पाय खाली घेतला. मग बाई खुर्चीतून किंचित उठल्या आणि टेबलापलीकडे वाकून बघितलं.

सगळ्यांनीच बघितलं. मास्तर मोज्यांवर उभे होते. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.

कुणीतरी फिसकन हसलं.

"बाई," मास्तर म्हणाले, "या कागदात तेवढं एकच वाक्य खरं आहे. बाकीचं मी लिहिलेलं नाही. आणि ते जे सदतीस आहेत, ते सगळे मी लिहिलेत. त्यांतलं एकही वाक्य खरं नाही."

"मास्तर!" साहेब ओरडले. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"संपर्क अधिकारी, बसा," बाई म्हणाल्या. "आरोपी काय सांगत, ते तुम्ही ऐकत नव्हतात?"

"मी चिठ्ठी वाचत होतो. चार ओळींची. चिठ्ठ्या जपून ठेवायची सवय आहे मला. घरी लोखंडी कपाटात आहेत सगळ्या. तारखेप्रमाणे लावलेल्या."

साहेब पुन्हा उठले. या वेळी ओरडले नाहीत.

"त्या घड्याळजीला तुम्ही पाहिलं होतं?" बाईंनी विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले. "ऐकलं होतं." आणि त्यांनी तो आवाज सांगितला. टक्, घासत, टक्. व्हरांडा किती लांब होता, तो आवाज किती वेळ चालला, सगळं सांगितलं. "मग मी उठून दार लावून घेतलं."

बाईंनी लिहिता लिहिता विचारलं, "का?"

"काम चाललं होतं," मास्तर म्हणाले.

त्यानंतर जे व्हायचं ते रीतसर झालं. समितीनं शिफारस केली. शिफारस सरकारकडे गेली. सरकारनं ती अभिप्रायासाठी खात्याकडे पाठवली. खात्यानं ती संपर्क अधिकाऱ्याकडे पाठवली. संपर्क अधिकारी प्रकृतीच्या कारणानं रजेवर होते. सात महिने गेले. सदतीसपैकी चौघं तोवर कुठल्याही शिफारशीच्या पलीकडे गेले होते. बाकीच्यांची एकेक फाईल वर आली, तसे ते एकेक करून सुटत गेले. मास्तरांवर खोटे दस्तऐवज केल्याची चौकशी सुरू झाली. साहेबांना समितीला केलेल्या सहकार्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. आणि खात्यानं सुधारणेची पावलं उचलली. सगळ्या ठाण्यांना परिपत्रक गेलं: 'यापुढे जबाबाच्या नमुन्यातून बुटांचा उल्लेख वगळण्यात यावा.'

घड्याळजी सुटला. कागदावर लिहिलं होतं, 'तांत्रिक कारणास्तव'.

सुटल्याच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, मास्तर वर्तमानपत्र वाचत बसले होते. जिन्यावर आवाज आला. टक्. मग घासत. टक्.

मास्तरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. या वेळी दार उघडंच होतं.

घड्याळजी उंबऱ्यापाशी येऊन उभा राहिला. बारीक चणीचा, कपाळावर भिंगाचा जुना वण, खांद्याला हत्यारांची पिशवी. "हिनं सांगितलं, तुमचं एक घड्याळ राहिलंय. मागे पडतं म्हणून."

"या," मास्तर कसेबसे म्हणाले. "या ना, आत या. असू द्या बूट. घालूनच या."

"छे, छे." घड्याळजीनं भिंतीला लावून ठेवलेल्या जोडांकडे पाहिलं. "तुमच्याकडची पद्धत सगळ्या गावाला माहीत झालीय. काढतो."

"नको हो. खरंच नको."

"तुम्हीच लिहिलंय ना, काढले म्हणून? मग काढतो. एकदा तरी व्हायला हवं ते." तो उंबऱ्यावर बसला. "तुम्ही उभे राहा. बघा."

मास्तर उभे राहिले. घड्याळजीनं पहिलं बकल सोडलं. दुसरं. गुडघ्याचा पट्टा घामानं आखडला होता, तो ओलं बोट लावून सैल केला. घाई नव्हती. मामी आतून आली आणि दारातच खिळली. खाली रस्त्यावरून कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं. पाचवं बकल. पट्ट्या मांडीवरून सुटल्या, तेव्हा पँटखालचा पाय काडीसारखा झाला. अकरा मिनिटं. मास्तरांनी एकदाही मान वळवली नाही. बघायला समोर कोरी भिंत नव्हती.

घड्याळजीनं दोन्ही बूट उंबऱ्याबाहेर ठेवले. एक सरळ राहिला. पट्ट्यांचा वाकडा झाला. मास्तरांचा हात आपोआप पुढे गेला आणि अर्ध्या वाटेत थांबला.

"हं," घड्याळजी म्हणाला. "बूट काढून जोडीनं ठेवले. आता पुढचं तुमच्या कागदात आहे, आत प्रवेश केला. कसा केला, तेवढं सांगा. नऊ वर्षं डोकं चालवलं, मला नाही सापडलं."

मास्तरांनी उंबऱ्याकडे बघितलं, मग त्याच्या पायाकडे.

"अहो!" मामी ओरडली. "पुतळ्यासारखे काय उभे राहिलात? घड्याळ बाहेर आणा! आणि खाली बसा त्यांच्याशेजारी!"

मास्तर आत गेले. स्टूल ओढलं, वर चढले, घड्याळ काढलं, घेऊन आले आणि उंबऱ्यावर घड्याळजीशेजारी बसले. घड्याळजीनं ते मांडीवर उलटं ठेवलं, पिशवीतून बारीक पेचकस काढला, झाकण उघडलं.

"कुणी दिलं हे?"

"खात्यानं. निवृत्तीला."

"वाटलंच." त्यानं भिंग डोळ्याला लावलं. "धरा जरा. हलवू नका."

मास्तरांनी दोन्ही हातांनी घड्याळ धरलं.